दोरीच्या आतले मास्तर

मास्तर शिंपी होते. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांत खोड काढून त्यांची नजर पार बिघडली होती. लग्नाला गेले तरी नवऱ्याऐवजी त्याच्या कॉलरकडे बघायचे. चार दिवसांनी त्यांची धाकटी लेक परदेशी जाणार होती. "दोनच वर्षं, बाबा," एवढ्या शब्दावर त्यांनी होकार दिला होता आणि त्या शब्दावरच ते तगून होते.

देश सोडून गेलेल्यांची जुनी घरं एका माळावर आणून संग्रहालय म्हणून मांडली होती. ती बघायची टूम धाकटीचीच. फिरता फिरता दोघांची चुकामूक झाली आणि मास्तर एका शिंप्याच्या घरात शिरले. पाटीवर लिहिलं होतं, याचे तिन्ही मुलगे बोटीने गेले, एकही परतला नाही. दोरीपलीकडे मेणाचा म्हातारा शिवत बसला होता. सुई रेटायची पितळी टोपी मात्र मधलं बोट सोडून तर्जनीत. मास्तरांना राहवेना. दोरी ओलांडून त्यांनी ती नीट घातली. मग त्याच्या मांडीवरची अर्धवट तुरपाई दिसली, म्हणून ती पुरी करायला शेजारच्या स्टुलावर टेकले. स्टूल कोमट होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं.

पावलं वाजली. या वयात चोरासारखं सापडायचं म्हणजे शोभाच. मास्तर मान खाली घालून पुतळ्यासारखे बसून राहिले. "हा दुसरा जास्त खरा वाटतो," कुणी बाई म्हणाली आणि पुढे गेली. मास्तरांना हसू आलं, पण ओठ हलले नाहीत.

मग धाकटी आली, फोनवर मैत्रिणीशी बोलत. "बाबा कुठे गेलेत कोण जाणे. नाही गं, नाही सांगितलं. त्यांना दोन वर्षंच माहीत आहेत. कायमची चाललेय, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

बोलता बोलता तिने थेट मास्तरांकडे पाहिलं. भिंतीवरून, चुलीवरून फिरावी तशी तिची नजर त्यांच्यावरून फिरली आणि ती निघून गेली. हाक मारायला जावं तर जीभ टाळ्याला चिकटलेली. तेवढ्यात झाडलोट करणारी बाई आली. तिने म्हाताऱ्याच्या खांद्यावरची धूळ फडक्याने झटकली आणि त्याच फडक्याने मास्तरांच्याही.

बाहेर यायला किती वेळ लागला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. धाकटी बाकावर बसली होती. तिने त्यांचा हात धरला.

"केवढा गार पडलाय हात. होता कुठे तुम्ही?"

"आतच होतो."

"तोंड का असं उतरलंय? दोन वर्षं काय, बघता बघता जातील, बाबा."

"जातील की," मास्तर म्हणाले.