आठवा नमुना

आमच्या घरात कुठलाही पदार्थ जबाब दिल्याशिवाय पोटात जात नाही. सासूबाई तीस वर्षं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत आहेत. दुधात पाणी किती, तेलात दुसरं तेल कोणतं, बिस्किटाचा पिवळा रंग अंड्याचा की बाटलीतला, हे शोधायचं त्यांचं काम. त्या लांबून येताना दिसल्या की बेकरीवाला काउंटर पुसायला घेतो. लग्नानंतर मी पहिल्यांदाच हौसेने पाव आणला, तर त्यांनी तो नाकाशी धरला, बोटाने दाबला आणि विचारलं, "मऊ राहावा म्हणून यात काय काय घालतात, सांगू का?" मी नको म्हटलं. त्यांनी सांगितलं.

नातीवर मात्र त्यांचा फार जीव. कामावरून आल्या की हात कोपरापर्यंत धुणार आणि मग थेट तिला मांडीवर घेणार.

मुलीला शेंगदाणा चालत नाही, हे ती वर्षाची असताना कळलं. ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. डॉक्टर म्हणाले, कणभरही नको. सासूबाईंनी त्याच दिवशी घरातले दाणे, तेल, दाण्याचा संशय येईल ते सगळं बाहेर काढलं. तरीही दोन आठवड्यांनी, संध्याकाळी, पुन्हा गांध्या.

मग माझी उलटतपासणी सुरू झाली. "बशी कुठल्या फडक्याने पुसलीस? चमचा कुणाचा होता?" माझ्याच स्वयंपाकघरातून त्यांनी सात नमुने उचलले: पीठ, पाव, बिस्कीट, तेल, दुधाची पावडर, साखर आणि ते बिचारं फडकं. प्रत्येक पिशवीवर तारीख, वेळ, सही. बिस्किटांच्या कारखान्यात जाऊन, त्याच यंत्रावर आदल्या दिवशी कसलं पीठ मळलं होतं, हेसुद्धा विचारून आल्या. मालकाला घाम फुटला म्हणे. सातही नमुने स्वच्छ निघाले.

"मग तूच बाहेर काहीतरी खाऊन येत असशील," त्या म्हणाल्या, "आणि तशाच हातांनी तिला घेत असशील."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. खरंच मीच असले तर? मी बाहेरचं खाणं सोडलं. हात इतके धुतले की बोटांची सालं निघाली. मुलगी शिंकली तरी मी तिचं अंग उघडून गांध्या शोधायची.

तिसऱ्या वेळी तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तशीच उचलून आम्ही दोघींनी तिला दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर हळूहळू श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी आधीच्या तारखा विचारल्या. मी सांगितल्या. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही शुक्रवार. आणि आजही शुक्रवारच."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दर शुक्रवारी आम्ही दाणे दळतो. बुरशीचं विष आहे का ते बघायला." मग स्वतःलाच सांगितल्यासारखं, "पण मी हातमोजे घालते. अ‍ॅप्रन तिथेच काढून ठेवते. हात धुते."

तेवढ्यात माझ्या कडेवरची मुलगी त्यांच्याकडे झुकली. त्यांच्या गळ्यात चष्म्याची दोरी होती. नेहमीच्या सवयीने तिने ती मुठीत धरली आणि तोंडाकडे नेली. आम्हा दोघींना एकदमच दिसलं. सासूबाईंनी दोरी हिसकावून घेतली. आजी कधी तिच्यावर आवाज चढवत नाही, हिसकावणं तर दूरच. पोर घाबरून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही त्या प्रयोगशाळेत गेल्या. संध्याकाळी परतल्या त्या दारातच थांबल्या, उंबऱ्याच्या बाहेर.

"सात नमुने तुझे होते," त्या म्हणाल्या. "आठवा माझा, या दोरीचा. त्यात दाणा निघाला." मग म्हणाल्या, "दुनियेचे हात तपासले गं मी. तुला नको नको ते बोलले. चुकलं माझं."

दोन महिने मी मनात बरंच काही साठवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. आजीचा आवाज ऐकून मुलगी दुडूदुडू दाराकडे गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. सासूबाईंनी आपले हात पाठीमागे घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. विचारत होत्या, हे मला कळलं.

घ्या ना, एवढंच म्हणायचं होतं. मला ते म्हणवेना. मी मुलीला उचलून मागे सरले.

"आई, आधी आंघोळ करून घ्या."

"हो. बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या, आणि आमचा स्पर्श होऊ नये म्हणून भिंतीला अंग घासत न्हाणीघराकडे गेल्या. मुलगी त्यांच्या दिशेने हात करून रडत राहिली, आणि मी तिला घट्ट धरून ठेवलं.