शांतिशेठांनी आमचं रेकॉर्डिंग ऐकलं

माझं व्हायोलिन बंद पाडणारे शांतिशेठ परवा गेले.

ग्रुपवर सगळे लिहितायत, देवमाणूस होते.
अजिबात नव्हते.

नारायणगावात त्यांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान. मागच्या खोलीत मोठे स्पीकर आणि भिंतभर सिम्फनींच्या रेकॉर्ड्स.

माझे वडील, आण्णा, आमच्या द्राक्षबागेसाठी तिथे पाइप घ्यायला जायचे. मी त्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकायचे. शेठनी कधी हाकललं नाही. उलट पुण्यातला व्हायोलिनचा क्लास त्यांनीच शोधून दिला.

कौतुक मात्र कधीच नाही. फार तर "हं."
त्या "हं"वर मी महिना काढायचे.

पुढे पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात लागले. आमचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. साऱ्या जगाला पाठ असलेल्या दोन सिम्फनी. पेनड्राइव्ह घेऊन आण्णांसोबत थेट दुकानात गेले. आण्णांनी पेढे घेतले होते.

शेठनी डोळे मिटून दोन्ही पूर्ण ऐकल्या. आण्णा अवघडून बसलेले. मधूनच माझ्याकडे बघून हसायचे.

संपल्यावर शेठ म्हणाले, "वाजवलंय सगळ्यांनी. एकमेकांचं ऐकलं कुणीच नाय."

मी विचारलं, आणि माझं?

"तुझं वेगळं ऐकू येतंय. एवढ्या व्हायोलिनांत एकच वेगळं ऐकू आलं, म्हंजे तेच चुकतंय."

आण्णा हळूच म्हणाले, "शेठ, पोरीनं लई कष्ट घेतल्यात. जरा बरं बोला की."

"खोटं ऐकायचं असंल तर गावात लई लोक हायेत, भाऊ."

आण्णांनी पेढ्यांचा बॉक्स न उघडताच उचलला. त्यानंतर पाइप मंचरहून आणले.

मी पुण्यात हेडफोन लावून पुन्हा ऐकलं.
शेठ बरोबर होते. जिथे सगळे संथ होतात, तिथे मी पुढे पळत होते.

एकदा ऐकू आलं की ते थांबत नाही. रिहर्सलला हात आखडायला लागला. वर्षाच्या आत ऑर्केस्ट्रा सोडला. व्हायोलिनची केस कपाटावर गेली.

शेठना कुणीतरी सांगितलं. म्हणाले म्हणे, "बरं झालं. वेळेत कळलं."

हे मी विसरले नाही. विसरणारही नाही.

काल त्यांच्या मुलाचा फोन आला. उठावण्याच्या शोकसभेत एखादं स्तवन वाजवशील का, पप्पांना आवडलं असतं. मी नाहीच म्हणणार होते.

आण्णा म्हणाले, "जा. त्यांच्यामुळंच हातात आलं ना ते."

आज गेले. हॉल गच्च भरलेला. इतक्या वर्षांनी वाजवत होते. वरचा सूर एकदाही लागला नाही. मला प्रत्येक वेळी कळत होतं.

नंतर एकेक जण भेटून सांगत होता, लई सुंदर. डोळ्यांत पाणी आलं. शेठचा मुलगा तर हात जोडून उभा राहिला.

सगळ्यांना थँक यू म्हणत बाहेर आले आणि गाडीत बसून रडले.

एवढ्या माणसांत एकालाही कळलं नाही, मी किती वाईट वाजवलं ते.

शांतिशेठ, तुमच्यावरचा राग तसाच आहे.
शेवटचा नमस्कार.