मीठ मागण्यापुरते शब्द

पद्माचा फोन आला तेव्हा बार्शीहून निघालेली एसटी वैरागच्या स्टँडवर थांबली होती. "नरेश गेला," एवढंच ती म्हणाली. नरेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा कॉलेजपासूनचा मित्र. काम करता करता खुर्चीतच त्याचं हृदय थांबलं होतं. मी "बरं" म्हटलं... खरंच "बरं" म्हटलं, आणि मांडीवरच्या उत्तरपत्रिका तपासत सोलापूरपर्यंत आले. नंतर त्या पुन्हा पाहिल्या, तर एकही गुण चुकलेला नव्हता. आता महिना उलटून गेलाय. मला अजून रडू आलेलं नाही.

नरेश पुण्यात प्रोग्रामर म्हणून नोकरीला होता. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि तो सगळं आवरून घरी परतला. वडिलांना घरात नायना म्हणतात, मीही तेच म्हणते. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात काम केल्यामुळे ते नेहमी मोठ्यानं, भरभरून तेलुगूत बोलायचे. झटक्यानंतर समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येत नव्हता. नरेशला आमच्या परीक्षांच्या दिवसांतलं कार्डांचं सॉफ्टवेअर आठवलं. पडद्यावर प्रश्न येतो, उत्तर आपण आठवायचं. आठवलं तर ते कार्ड पुढच्या वेळी बऱ्याच दिवसांनी येतं, नाही आठवलं तर लगेच. ते फुकट आहे आणि ज्याला जमेल त्यानं उघडून त्यात सुधारणा करावी, असं आहे. नरेशनं घरातल्या वस्तूंचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोमागे स्वतःच्या आवाजात शब्द भरला. मिठाच्या बरणीमागे "उप्पु."

काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी मी तिथं जेवायला असताना नायना ताटाकडे बोट दाखवत राहिले, शब्द येईना, शेवटी त्यांनी ताट सरकवलं. नरेशनं मिठाचं कार्ड शोधलं, तर ते नव्हतंच. वारंवार चुकणारं कार्ड सॉफ्टवेअर आपोआप बाजूला काढायचं; विद्यार्थ्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून केलेली सोय होती ती. "जो शब्द लई लागतोय, तोच हे फेकून देतंय की," तो म्हणाला. त्यानंतर तो जेवला नाही.

पुढचे कित्येक महिने त्यानं त्या एका सोयीवर घालवले. कार्ड टाकून द्यायचं नाही, त्याऐवजी शब्दाचा पहिला आवाज ऐकवायचा, मग थोडा जास्त, अशी रचना त्यानं लिहिली. मी ती माझ्या वर्गातल्या मुलींवर चालवून बघायचे आणि काय अडतंय ते त्याला सांगायचे. मग मूळ सॉफ्टवेअरमध्येच ती घ्यावी म्हणून त्यानं ती पाठवली. ते सांभाळणारी मंडळी परदेशातली, सगळी सभ्य आणि ठाम. अशानं अभ्यासाची गती मंदावते, असं त्यांनी पुन्हा पुन्हा कळवलं. नरेश आकडे, तक्ते पाठवत राहिला. शेवटी वैतागून त्यानं दोनच वाक्यं लिहिली, आणि ती मला मराठीत वाचून दाखवली: "माझ्या वडिलांना परीक्षा द्यायची नाही. त्यांना मीठ मागायचंय." मग एका सकाळी त्याचा बदल स्वीकारला गेला होता. तो मला फोनवर म्हणाला, "झालं बघ." आवाजात आनंद होता का, ते आता सांगता येत नाही. मी नीट ऐकलं नव्हतं.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले. पद्मानं चहा ठेवला. नायना खिडकीशी टॅब्लेट घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "नरेश... कमी... येतोय." मला आधी कळलं नाही. मग मी त्यांना समजावलं, की तुम्हाला आता शब्द येतात ना, म्हणून त्याच्या आवाजातली कार्डं उशिरा येतात. हे चांगलं आहे, त्याला हेच हवं होतं. त्यांनी मान डोलावली.

पडद्यावर मिठाची बरणी आली. "उप्पु," नायना म्हणाले, एकदम स्वच्छ. मग त्यांनी बोट लावलं. नरेशचा आवाज खोलीत आला, "उप्पु." मागे कुठंतरी कुकरची शिट्टी रेकॉर्ड झाली होती, तीही ऐकू आली. खाली दोन बटणं होती. नायनांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश "आठवलं नाही" दाबलं.