लाभ, दोन, टाळी

खेळात कुणी लबाडी केली की अनुप सरांचं डोकं फिरायचं. पण ती लबाडी गणिताची असली तर मनात आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. भीमपूरकडच्या एका मराठी शाळेत ते तिसरीला शिकवतात.

त्यांचा आवडता खेळ साधा. पोरांनी गोल बसायचं, दाराजवळच्यापासून एकेकानं आकडा म्हणायचा. तिनाच्या पाढ्यातला आकडा आला की तोंड बंद, नुसती टाळी. चुकला तो आउट आणि तिथंच डाव संपला. वर्गात बारा पोरं. त्यात रुपा मुलखाची अबोल. शाळा सुरू झाल्यापासून तिचा आवाज सरांनी ऐकला नव्हता. खेळात मात्र ती कधी आउट होत नसे.

त्यातली गोम सरांना एके दिवशी उमगली. बारा जणांच्या गोलात तिसऱ्या जागेवर तीन येतो, मग पंधरा, मग सत्तावीस. कितीही फेऱ्या होवोत, तिथं टाळीच! पोरगी रोज धावत येऊन नेमकी तीच जागा धरायची. सर खूश झाले आणि तिथंच त्यांना नको ती हुशारी सुचली. "आज सुरुवात रुपापासून," ते म्हणाले.

रुपानं मान खाली घातली. मग पुटपुटली, "लाभ."

वर्ग खो खो हसला. "एक म्हन ना वं! आउट, आउट!" वैभव तर हसून हसून जमिनीवर लोळला. दुसऱ्या दिवशी रुपा शाळेत आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

संध्याकाळी सर तिच्या घरी गेले. ओसरीवर तिचा आजा पंढरी घरच्या खाण्याची ज्वारी पायलीनं मोजत होता, रुपा पोत्याचं तोंड धरून उभी होती. आजा म्हणत होता, "लाभ... दोन... तीन..."

"पयल्या मापाले आमी एक म्हनत नाई, सर," आजा म्हणाला. "लाभ म्हनलं का बरकत राह्यते. पोरगी माह्यासंगंच मोजाले शिकली. आता म्हन्ते, शाळेत जातच नाई. समदे हासतेत म्हन्ते."

सरांची आजी चंपाबाई जन्मभर लोकांच्या शेतात राबली. मजुरीची ज्वारी घरी आली की ती स्वतःच्या हातानं पुन्हा मोजायची आणि पहिल्या मापाला ठसक्यात म्हणायची, "लाभ!" त्याच ज्वारीच्या भाकरी खाऊन अनुपचा अनुप सर झाला होता. आणि त्याच शब्दाला त्यांच्या वर्गात आउट केलं! म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांनी त्यानं आजीचा आवाज परत ऐकवला होता.

"रुपा, उद्या ये," ते म्हणाले. "नियम बदलून राह्यलो मी. पयला आकडा लाभ. एक म्हनलं का आउट."

रुपा आली, पण बोलेना. सरांनी वर्गाला नवा नियम सांगितला आणि त्या दिवशी स्वतःही गोलात बसले, दाराजवळ, पहिल्या जागेवर. शेजारी वैभव. त्याच्या पलीकडे रुपा, आपली तिसरी जागा धरून.

सर घसा खाकरून रुबाबात म्हणाले, "एक."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मास्तरला कोण बोलणार?

"सर आउट!" आवाज खणखणीत होता, आणि रुपाचा होता.

सर उठून भिंतीशी जाऊन बसले. हरल्याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. ते उठले तशी रुपा तिसरीची दुसरी झाली. टाळीची जागा गेली.

"लाभ," वैभव म्हणाला.

"दोन," रुपा म्हणाली, आणि पुढची टाळी, नियम मोडून, भिंतीजवळून वाजली.