पाणी उडालं पाहिजे

तानाबाई कांबळे कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात आया होत्या. अवजारं वाफेत निर्जंतुक करायच्या खोलीत त्यांची बावीस वर्षं गेली. पहिल्याच वर्षी घाईत झाकण उघडलं आणि मनगटावर वाफेचा झोत बसला. उकळतं पाणी सांडलं असतं तर एवढं भाजलं नसतं. थोरल्या सिस्टरांनी मलम लावता लावता समजावलं, "पाण्याची वाफ होताना ती उष्णता पोटात घेते. तुझ्या हातावर तिचं परत पाणी झालं, की ती सगळी बाहेर टाकते." चौथीतच शाळा सुटलेल्या तानाबाईंना हे कायमचं कळलं.

२००१च्या मार्चमध्ये त्या मुरगूडजवळ माहेरी गेल्या होत्या. धाकटा भाऊ बाबासो गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालायचा. दुपारी त्या तिकडं गेल्या, तर ही गर्दी! वारं पडलेलं, काहिलीतल्या उसाच्या रसाची वाफ पत्र्याखाली कोंडलेली, आणि तिथंच बाबासो आडवा. अंग तव्यासारखं तापलेलं, तोंडानं काहीबाही बरळणं. लोकांनी त्याला भिजलेल्या पोत्यात गुंडाळलं होतं.

"पोतं काढा आदी!" तानाबाई ओरडल्या.

"अवं, गार पाणी हाय की त्यात," गुऱ्हाळाचे मालक बाळासो म्हणाले.

"पोत्यात कोंडून ते घटकाभरात तापतंय. पाणी आंगावरनं उडालं पाहिजे, मालक! उडताना आंगातली आग घिऊन जातंय. हितं वाफंत घामसुदिक वाळत न्हाय. भाईर घ्या त्याला!"

हा दवाखान्यातला आवाज होता. चौघांनी बाबासोला चिंचेखाली नेलं. तानाबाईंनी त्याचा सदरा काढला, अंगावर पाणी शिंपडलं आणि दोघांच्या हातात सुपं दिली. "घाला वारा. थांबायचं न्हाय." अंग सुकत आलं की त्या पुन्हा पाणी मारायच्या. कुणीतरी त्याच्या तोंडाला तांब्या लावला, तो त्यांनी बाजूला सारला. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजायचं नसतं.

मालकांची जीप आली. मागचा पडदा वर बांधून, वाटभर पाणी शिंपडत त्यांनी भावाला मुरगूडच्या दवाखान्यात पोचवलं. ताप एकशे दोनवर आला होता. डॉक्टर म्हणाले, "निववत निववत आणलात म्हणून हाती लागला."

सलाईन लावल्यावर तिन्हीसांजेला बाबासोनं डोळे उघडले. इकडंतिकडं बघून म्हणाला, "आक्का, माझा सदरा कुठं गेला?"

तानाबाई हसायला गेल्या आणि रडू कोसळलं. दुपारपासून पहिल्यांदाच त्या खाली बसल्या.

चार दिवसांनी बाबासो घरी आला. बाळासोंनी कुणी न सांगताच गुऱ्हाळाचे दोन्ही बाजूंचे पत्रे काढले आणि बाबासोला महिनाभर चुलवाणाजवळ फिरकू दिलं नाही. तानाबाई कोल्हापूरच्या एसटीत बसल्या, तशी त्यांना गाढ झोप लागली. स्टँडवर कंडक्टरनं त्यांना हलवून उठवलं.