नुसत्या आडनावाचा मित्र

माझ्या हातचं खाऊन जिवंत राहिलेला अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधला एकमेव माणूस म्हणजे ऑफिसातला माझा चिनी शेजारी. अकरा वर्षं आम्ही रोज एकत्र जेवलो. घरी मी एकटा, तोही एकटा. शनिवार-रविवार मी भिंतीशी बोलायचो. सोमवारपर्यंत भिंतसुद्धा कंटाळून पाठ फिरवायची.

पुण्याच्या सवयीने मी त्याला पहिल्या दिवसापासून आडनावानेच हाक मारली. आपल्याकडे आडनाव कळलं की माणसाचं गाव, सोयरे आणि आमटीत गूळ पडतो की नाही, सगळं कळतं. याचं आडनाव एवढंसं, की तोंड उघडेपर्यंत संपायचं. बाकी ऑफिस त्याला इंग्रजी नावाने ओळखायचं. ते त्याने शाळेत असताना एका आइस्क्रीमच्या डब्यावरून उचललं होतं.

"आडनाव पूर्वजांचं, त्यापुढचं आजोबांनी ठेवलेलं," तो म्हणायचा. "हे इंग्रजी एवढंच माझ्या पसंतीचं."

"आजोबांनी काय ठेवलं होतं?"

"ते फक्त आई वापरायची. आता पडून आहे."

मी पुढे विचारलं नाही. गाडी ठेच्यावर वळवली.

एका शुक्रवारी जेवता जेवता तो छाती धरून खाली बसला. अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. शनिवारी ऑफिस बंद, त्याचा फोनही बंद. मी मऊ खिचडी केली आणि हॉस्पिटल गाठलं.

काउंटरवरच्या बाईंना इंग्रजी नाव सांगितलं. असं कुणीच नव्हतं. मग मी हुकमाचा एक्का काढला, आडनाव सांगितलं.

"या आडनावाचे तीन पेशंट आहेत, सर. कागदोपत्री असलेलं फर्स्ट नेम? जन्मतारीख?"

"तो ठेचा खातो," मी म्हणालो. "हसला की कुकरची शिट्टी होते."

"सर..."

"मग तिघांनाही खिचडी द्या. जो मिरची मागेल तो माझा."

बाई हसल्या, पण स्क्रीनकडे बघून. "तुम्ही त्यांचे कोण?"

एरवी मी या प्रश्नावर तासभर बोललो असतो.

"आम्ही एकत्र जेवतो," मी म्हटलं.

"सॉरी, सर."

पार्किंगमध्ये येऊन वर पाहिलं. खिडक्या लाखभर तरी असतील. मी डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि त्याला आडनावाने खणखणीत हाक मारली. तिघांपैकी कुणीही ओ दिली असती तरी चाललं असतं.