सासूबाईंचा पहिला शब्द

लग्नाला चार वर्षे झाली तरी सासूबाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. भांडण काहीच नव्हते. कुरखेड्याकडच्या त्या घराची रीतच तशी: सासूने जावयासमोर पदर ओढायचा आणि काही सांगायचे झाले तर तिसऱ्याकरवी सांगायचे. तिसरे कोणी नसेल तर समोर जे असेल त्याला सांगायचे. मला आणखी भात हवा का, हे त्यांनी एकदा बकरीला विचारले होते. (बकरी "हो" म्हणाली आणि मला भात मिळाला.)

मला हे चालत होते. पण धाकट्या मेव्हणीचे लग्न झाले आणि नामदेव माझा साडू झाला. हा सासूबाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याच्यापुढे कसला पदर! "बाबू, जेवला का? बाबू, ऊन लागून राह्यलं का?" थोरला जावई मी, आणि लाड सगळे त्याचे! मी शेजारी बसून नुसता जळत असे. एकदा तरी सासूबाईंनी माझ्याशी बोलावे, पाणी हवे का एवढेच विचारावे, हा ध्यास मला लागला.

त्या फाल्गुनात (गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती) आम्ही वनभोजनाला निघालो. नदीच्या काठाकाठाने डोंगराच्या पायथ्याशी जायचे, जेवायचे, परत यायचे. लेकुरवाळ्या बाईनेही गप्पा मारत जावे अशी सोपी वाट. नामदेवने भाताची टोपली उचलली.

"राहू दे बाबू, थकशीन," सासूबाई कळवळल्या.

मी लगेच मासोळीच्या रश्शाचे पातेले बायकोच्या, शांताच्या, डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतले.

"अजी, लोक काय म्हणतीन?" शांता कुजबुजली. "जवाई वझं घेते का कुठी?"

"घेते," मी म्हणालो आणि कौतुकासाठी सासूबाईंकडे पाहिले. त्या नामदेवच्या पायातला काटा काढत होत्या.

पुढे नदी दगडांवरून ओलांडायची होती. सासूबाईंचा जन्म त्या पाण्यात मासे धरण्यात गेलेला. तिथला दगडन्‌दगड त्यांच्या ओळखीचा. मी पुढे, मागे नामदेव. काठावरून सासूबाईंचा आवाज आला.

"बाबू, तो काळा दगड हालते. पाय ठेवू नोको म्हणाव त्याइले."

मी त्यातले "बाबू" आणि "काळा दगड" एवढेच ऐकले. "त्याइले" म्हणजे मला, हे ऐकायला माझे कान शाबूत राहिले नव्हते.

"भाऊ, आत्या म्हनते का..." नामदेवने सुरुवात केली.

"ऐकलं ना मी. तुह्यासाठी हाय ते. आमाले कोन सांगते?"

आणि मी मुद्दाम त्याच काळ्या दगडावर पाय ठेवला.

दगड सासूबाईंच्या शब्दाबाहेर नव्हता. तो हलला. मी कमरेएवढ्या पाण्यात, पातेले माझ्या डोक्यावर उपडे, आणि त्याच नदीतून आलेल्या मासोळ्या हळद-मीठ-तिखट लावून पुन्हा नदीत!

सासूबाई पदराची पर्वा न करता पाण्यात शिरल्या आणि थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"डोये फुटले का तुह्ये? पहाटपासून चुलीपाशी बसून रांधलं मी, आन तू नदीले जेवू घातलं, बैताडा!"

शांताने तोंडावर हात ठेवला. आपण काय बोललो आणि कोणाला बोललो हे ध्यानात येऊन सासूबाईंनी घाईघाईने पदर ओढला. माझ्या डोळ्यांत तिखट गेले होते, तरी मी छाती काढून नामदेवकडे वळलो. चार वर्षांत प्रथमच माझे पारडे जड झाले होते. त्याला त्या आजवर कधीच बैताड म्हणाल्या नव्हत्या!